डिमेन्शिया झालेल्या माणसासाठी केअर सेंटर पारखताना

केअर सेंटर पाहायला आपण बहुतेक सकाळी अकराला जातो. आधी फोन झालेला असतो. अंघोळी उरकलेल्या असतात, लादी पुसून वाळलेली असते, आजी-आजोबा केस विंचरून हॉलमध्ये बसलेले असतात. मॅनेजर चहा मागवतात, खोली दाखवतात, दरांचा कागद हातात देतात आणि अर्ध्या तासात आपण गेटबाहेर. माझ्या आईसाठी पहिलं सेंटर मी असंच ठरवलं. अडीच महिन्यांत तिला तिथून हलवावं लागलं. दुसरं ठरवण्याआधी मी पुण्यात आणि पुण्याच्या आसपास अकरा ठिकाणं पाहिली, त्यातली काही तीन-तीनदा. त्या फिरण्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: सेंटर पारखायचं ते संध्याकाळी आणि रात्री. खोली, बाग, लिफ्ट हे सगळं त्यानंतर.

आणखी एक. 'आईला वृद्धाश्रमात टाकलं' हे वाक्य तुमच्याही कानावर येईल, कदाचित घरातूनच. भारतात साठीच्या पुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया (स्मृती आणि विचारशक्ती हळूहळू कमी होत जाण्याचा आजार) असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीतून पुढे आला. एवढ्या घरांत कुणीतरी रात्र-रात्र जागतं आहे. आई गॅस चालू ठेवते, रात्री दोनला दाराची कडी काढते, ब्युरोकडून सांभाळायला आलेली बाई आठवड्यात सोडून जाते आणि सांभाळणाऱ्या सुनेचा किंवा लेकीचाच रक्तदाब चढायला लागतो. अशा वेळी चांगली जागा शोधणं हीही सेवाच आहे. मात्र ती नीट शोधली पाहिजे.

पहिली पायरी: आपल्या माणसाचा एक कागद

सेंटरला फोन करण्याआधी एक पान लिहून काढा. आजार कोणता, औषधं कोणती, हे तर हवंच. त्याहून उपयोगी असतं ते रोजचं वागणं. सकाळी किती वाजता उठते, चहा बशीत ओतून पिते की कपाने, अंघोळीला नाही म्हणते तेव्हा कशाने तयार होते, कशाला घाबरते, कोणत्या नावाने हाक मारली की वळून बघते. माझ्या आईला कुणी 'मॅडम' म्हटलं की ती उठून उभी राहायची, कारण ती तीस वर्षं शाळेत शिकवत होती आणि तिला वाटायचं तास सुरू झाला.

भाषेबद्दल आवर्जून लिहा. आजार वाढतो तशी मागाहून शिकलेली भाषा मागे पडत जाते आणि लहानपणची वर येते. आई मूळची मालवणकडची. पुण्यात पन्नास वर्षं शुद्ध मराठी बोलली आणि शेवटी मालवणीवर आली. पहिल्या सेंटरमध्ये ती दिवसातून पाच-सहा वेळा म्हणायची, 'माका भायर जावचा आसा.' तिथल्या मुलींना वाटायचं आजींना पळून जायचंय, म्हणून त्या तिला पुन्हा खुर्चीत बसवायच्या. आमच्याकडे 'भायर जावचा' म्हणजे संडासला जायचंय. दोन आठवड्यांत तिला पूर्णवेळ डायपर लावला. हे एक वाक्य मी कागदावर लिहून दिलं असतं तर ती वेळ आली नसती. तुमच्या घरात 'परसाकडे', 'एक नंबर', 'शू', जो शब्द असेल तो लिहा. सेंटरमधल्या मावश्या अनेकदा विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या, काही हिंदी बोलणाऱ्या असतात. त्यांना आपल्या घरातला शब्द कसा माहीत असेल?

हा कागद मॅनेजरच्या हातात द्या आणि ते काय करतात बघा. कुणी तो फायलीत घालतं. कुणी तिथेच वाचायला घेतं आणि 'अंघोळीला का घाबरतात? पाण्याच्या आवाजाने की गारठ्याने?' असं विचारतं. विचारणारं ठिकाण यादीत वर घ्या.

दुसरी पायरी: नोंदणी आणि कागदपत्रं

यावर फार वेळ जात नाही, पण टाळू नका. बरीच ठिकाणं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टतर्फे वृद्धाश्रम म्हणून चालतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मधली मानसिक आजाराची व्याख्या विचार, दिशाभान आणि स्मृती यांचे गंभीर बिघाडही धरते, आणि असे रुग्ण ठेवून त्यांची काळजी घेणाऱ्या आस्थापनांना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करायला सांगते. तेव्हा 'रजिस्टर्ड आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका. कोणत्या कायद्याखाली, कोणत्या नावाने, प्रमाणपत्र दाखवा, असं सरळ विचारा. विचारल्याबद्दल रागावणारी जागा पुढेही प्रत्येक प्रश्नावर रागावेल.

आगीचं विचारा. डिमेन्शियाचे रुग्ण बाहेर निघून जातात म्हणून दारं कुलुपात असतात, ते बरोबरच आहे. पण रात्री किल्ली कुणाकडे असते? तो माणूस त्याच मजल्यावर झोपतो का? एका बंगल्यात मला सांगितलं गेलं की किल्ली साहेबांकडे असते. साहेब शेजारच्या सोसायटीत राहत होते. मी तिथूनच परत आले.

तिसरी पायरी: संध्याकाळी जा

पहिली भेट वेळ घेऊन करा. दुसरी न सांगता, साडेपाच ते सातच्या मध्ये. दिवस मावळताना डिमेन्शियाच्या अनेक माणसांची घालमेल वाढते. उजेड कमी होतो, सावल्या लांब होतात, आणि दिवेलागणीला घरी असायला हवं ही आयुष्यभराची सवय जागी होते. नेमक्या त्याच वेळी सेंटरमध्ये पाळी बदलत असते आणि स्वयंपाकघरात गडबड असते. त्या तासाभरात ठिकाण आतून कसं आहे ते दिसतं.

एका सेंटरमध्ये साधारण सहाला एक आजी पिशवी घेऊन जाळीच्या दाराशी उभ्या होत्या. पिशवीत एक टॉवेल आणि रिकामी डबी. 'मला जाऊ दे गं, पोरं शाळेतून येतील, कुलूप बघून रडतील.' तिथली मुलगी मोबाईलवरून मान वर न करता म्हणाली, 'आजी, तुमची पोरं म्हातारी झाली, बसा खाली.' आजी रडायला लागल्या. त्यांना ते त्या क्षणी पहिल्यांदाच कळत होतं.

दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ हाच प्रसंग. तिथल्या मावशींनी पिशवी आपल्या हातात घेतली, 'किती पोरं आहेत? धाकटा कितवीत?' विचारत आजींबरोबर व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या, आणि म्हणाल्या, 'चहा टाकलाय, तेवढा घेऊन निघू.' चहा झाला, मग लसूण सोलायला दिला. पंधरा मिनिटांत आजी शांत. या मावशी आठवी शिकलेल्या होत्या आणि तिथे सात वर्षं काम करत होत्या. आईला मी तिथेच ठेवलं.

म्हणून विचारा की काम करणाऱ्यांपैकी सगळ्यात जुनं कोण आणि ते किती वर्षं आहेत. दर तीन महिन्यांनी मावश्या बदलत असतील तर तुमचा कागद वाचूनही उपयोग नाही. त्यांना पगार वेळेवर मिळतो का, सुट्टी मिळते का, हे त्यांनाच बाजूला हळूच विचारा. बारा तास उभ्या असलेल्या, कमी पगारावरच्या बाईकडून रात्री दोनला मायेची अपेक्षा करणं तिच्यावरही अन्याय आहे.

रात्रीचं नेमकं विचारा: 'रात्री दोन वाजता किती माणसं ड्युटीवर असतात, आणि त्यातली जागी किती?' या प्रश्नावर बरेच जण अडखळतात. रुग्ण किती, त्यातले अंथरुणाला खिळलेले किती, हे बघून हिशेब तुम्हीच करा. बायकांच्या अंघोळीला आणि डायपर बदलायला बाईच असते ना, तेही तेव्हाच विचारून घ्या.

चौथी पायरी: तिथे आधीपासून राहणाऱ्यांकडे बघा

फर्निचरकडे नंतर बघा. आधी आजी-आजोबांची नखं, ओठ, टाचा बघा. नखं कापलेली आहेत का. ओठ कोरडे, सालं निघालेले असतील तर पाणी पुरेसं दिलं जात नाहीये. चष्मा डोळ्यावर आहे की कपाटात? कानातलं मशीन चालू आहे का? कवळ्या कुणाच्या कुणाला लागत नाहीत ना? एका ठिकाणी सात कवळ्या एकाच भांड्यात भिजत घातलेल्या मी पाहिल्या. चांगल्या ठिकाणी प्रत्येकाची वेगळी डबी आणि त्यावर नाव असतं.

अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाड, टाचा, खुबा इथे जखमा होतात. कूस बदलल्याची नोंद पलंगाशी लावलेली असते का ते बघा, आणि असली तर आत्ता किती वाजेपर्यंत भरलेली आहे तेही बघा. सकाळी दहालाच रात्रीपर्यंतच्या सह्या झालेला तक्ता मी डोळ्यांनी पाहिला आहे.

वजनाचं रजिस्टर मागा. दर महिन्याला वजन घेत असतील तर ते लगेच काढून दाखवतील. जेवण चांगलं आहे हे कुणीही सांगेल, रजिस्टरमध्ये ते दिसतं.

वासाबद्दल लोक फार बोलतात. एखाद्या खोलीत सकाळी लघवीचा वास येणं समजण्यासारखं आहे. सगळ्या मजल्यावर तो मुरलेला असेल, किंवा तो दाबायला फिनेलचा भपकारा मारलेला असेल, तर मात्र डायपर वेळेवर बदलले जात नाहीत.

पाचवी पायरी: बांधणं आणि झोपवणं

इथे माझ्याकडून चूक झाली, म्हणून सविस्तर लिहिते. पहिल्या सेंटरमध्ये तीन आठवड्यांनी आई 'छान शांत झाली' असं मला सांगितलं गेलं. मी भेटायला जायची तेव्हा ती झोपेत असायची. मान खाली, तोंडातून लाळ. मला वाटलं आजार वाढला. एक दिवस तिच्या मनगटावर काळसर वळ दिसला. विचारलं तर कळलं की रात्री ती उठते म्हणून ओढणीने पलंगाला हात बांधतात, आणि दिवसा झोपेची व शांत करणारी गोळी, तीही माझ्या डॉक्टरांना न विचारता. माकडहाडावर जखम झाली होती ती वेगळीच.

तुम्ही आधीच विचारा: इथे कुणाला बांधतात का? कधी? कुणाच्या परवानगीने? २०१७ च्या कायद्याचं कलम ९७ सांगतं की रुग्णाला किंवा इतरांना तात्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि दुसरा इलाजच नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि गरजेपुरत्याच वेळासाठी बांधता येतं. त्याची नोंद ठेवायची असते आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने निर्णयांत मदत करणाऱ्या व्यक्तीला) चोवीस तासांत कळवायचं असतं. माणसं कमी आहेत म्हणून बांधणं हे कलम स्पष्ट शब्दांत नाकारतं.

गोळ्यांचंही तसंच. क्वेटियापीन, रिस्पेरिडोन, ऑलान्झापीन ही मनोविकारांवरच्या औषधांची नावं दिसली तर कुणी, कशासाठी, किती दिवसांसाठी लिहून दिली ते विचारा. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. काही वेळा ती लागतात, हे खरं आहे. भास होऊन माणूस घाबराघुबरा होत असेल तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात आणि पुन्हा तपासतात. मात्र चिडचिड अचानक वाढली तर आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दातदुखी, पडल्याचा मार हे बघायला हवं, कारण या माणसांना 'दुखतंय' हे सांगता येत नाही. 'पेशंट अचानक आरडाओरडा करायला लागला तर तुम्ही पहिल्यांदा काय करता?' असं सिस्टरना विचारा. 'लघवी तपासतो, पोट साफ झालंय का बघतो' असं उत्तर आलं की मला धीर यायचा.

सहावी पायरी: एका जेवणाला थांबा

रात्रीचं जेवण किती वाजता आणि सकाळचा नाश्ता किती वाजता, हे विचारा. सहाला जेवण आणि साडेआठला नाश्ता असेल तर मध्ये साडेचौदा तास जातात. मध्ये दूध, केळं, राजगिऱ्याची वडी काही मिळतं का?

भरवताना माणूस ताठ बसलेला हवा. आडवं ठेवून भरवलं की घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. भरवणारी बाई समोर बसलेली आहे की उभ्याने चार तोंडांत चमचे घालते आहे? भात-भाजी-वरण सगळं मिक्सरमधून काढून एक राखाडी लगदा करतात, की मेतकूट-भात, मऊ खिचडी, तुपातला शिरा असं चवीचं देतात? आईच्या आत्ताच्या ठिकाणी मावशी तिच्या हातात आमटीत भिजवलेला पोळीचा तुकडा ठेवतात आणि थांबतात. मिनिटभराने हात आपसूक तोंडाकडे जातो. जेवायला पाऊण तास लागतो, पण ती आपल्या हाताने जेवते.

जागेचं थोडक्यात: चकचकीत फरशी या माणसांना ओली वाटते आणि काळं पायपुसणं खड्डा वाटतो, म्हणून ती अडतात किंवा पडतात. संडासाचं दार पलंगावरून दिसावं, आत धरायला दांडा असावा, रात्री मंद दिवा असावा. फेऱ्या मारायला मोकळी जागा हवी. ती बंद दारापाशी संपत नसेल तर फारच छान.

सातवी पायरी: पैसे आणि करार

महिन्याच्या आकड्याच्या खाली काय-काय वेगळं लागतं ते लिहून घ्या: डायपर, औषधं, फिजिओथेरपी, एअर बेड, दवाखान्यात सोबत येणारा माणूस, जास्तीची अटेंडंट. डिपॉझिट परत कधी मिळतं, दरवर्षी दर किती वाढतो, पंधरा दिवस दवाखान्यात असेल तर पूर्ण महिना लागतो का? सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेत ५ लाखांपर्यंतचं संरक्षण २०२४ पासून मिळतं, पण ते इस्पितळात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. सेंटरचा महिन्याचा खर्च त्यात बसत नाही.

एक प्रश्न जड जातो, तरी विचाराच: 'चालणं थांबलं, गिळता येईना, तेव्हा तुम्ही ठेवता की घेऊन जा म्हणता?' काही ठिकाणी फक्त चालते-फिरते रुग्ण घेतात. हे आधी कळलं तर ऐनवेळी धावाधाव होत नाही. नाकातून नळी घालायची का, आयसीयूत न्यायचं का, हे भावंडांनी आत्ताच एकत्र बसून बोलून ठेवा.

घरच्या कागदांबद्दलही एक सांगते, कारण माझी इथे धांदल उडाली. मुखत्यारपत्र केलंय म्हणून आपण निर्धास्त असतो, पण करून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की कायद्याने ते संपतं. पुढे पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल, सही करताना काय करतोय ते त्यांना समजत असेल, तर बँकेची खाती संयुक्त करणं, मृत्युपत्र, नामनिर्देशन आत्ताच करून घ्या. पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला सेंटरमधून कसा होईल तेही विचारा. तो आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो.

आठवी पायरी: आधी पंधरा दिवस

पुष्कळ ठिकाणी थोड्या मुदतीसाठी ठेवतात. घरात लग्न आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, असं काही निमित्त असतंच. पंधरा दिवसांत पुष्कळ कळतं. ठेवण्याआधी वजन घ्या, अंगावर कुठे जखम नाही याचे फोटो काढा. साड्यांच्या आणि गाऊनच्या आतल्या बाजूला नाव शिवा. अंगावरचं सोनं घरी ठेवा, पण बांगड्यांची सवय असेल तर काचेच्या घाला, रिकाम्या मनगटाने आई अस्वस्थ व्हायची. तिची जुनी गोधडी आणि एक फोटो द्या, तिच्या तरुणपणचा, कारण आजचा चेहरा तिला ओळखीचा नसतो.

'पहिले पंधरा दिवस भेटायला येऊ नका, सवय लागू दे' असं सांगणाऱ्यांपासून सावध राहा. थोडं कमी या म्हणणं वेगळं, येऊच नका म्हणणं वेगळं. मी वेगवेगळ्या वेळी जाते, कधी सकाळी आठला, कधी रात्री नऊला. परदेशात असाल तर महिन्यातून दोनदा न सांगता जाणारं एक माणूस इथे ठरवा, आणि व्हिडिओ कॉलवर चेहऱ्याबरोबर हातपाय, टाचा, पलंगही दाखवायला सांगा.

वजन दोन महिने सलग उतरलं, नवा वळ दिसला, भेटीच्या प्रत्येक वेळी झोप असेल, किंवा तुम्हाला पाहून मावश्या एकमेकींकडे बघायला लागल्या, तर तारीख-वेळ घालून वहीत लिहा आणि मॅनेजरना लेखी विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, तिथे बोला. आणि दुसऱ्या पसंतीच्या सेंटरचा नंबर फोनमध्ये ठेवा. आईला हलवायचं ठरलं तेव्हा माझ्याकडे तो नव्हता, आणि नवी जागा सापडेपर्यंत ती आणखी अकरा दिवस तिथेच राहिली.